मागाच्या खोलीतील अडगळ

वळवाचे एकदोन पाऊस पडून गेले की आपल्या घराघरांतून आगोटीची धांदल सुरू होते. कौले चाळून घ्यावयाची असतात, धान्याला ऊन द्यावयाचे असते, जळण आत आणावयाचे असते. जळणासाठी कोणीतरी मागल्या खोलीचे दार लोटतो आणि दार अर्ध्यावरच अडते. आत जागा नसते. बाहेर गल्लीत कर्ज काढून घेतलेली मोटार उन्हापावसात उभी असते. आणि छपराखाली, कुलपात, सुरक्षित कोण असते, तर मोडकी खुर्ची, गंजका पत्र्याचा डबा आणि चाक नसलेली सायकल! शहापुराच्या गल्ल्यांतून हे दृश्य आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे हसूही येत नाही.

ही मागली खोली मुळात कशासाठी होती, हे शहापूरकरांस सांगावयास नको. परंतु हे पान खेड्यापाड्यांतही वाचले जाते, म्हणून थोडे सांगतो. शहापूर आज बेळगाव शहरात मिसळून गेले आहे. पण १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानचे होते आणि शेजारचे बेळगाव इंग्रजांचे. सराफी आणि विणकाम हे गावाचे दोन धंदे. विणकराच्या घरात राहण्याच्या जागेहून मागाची जागा महत्त्वाची. जमिनीत खड्डा खणलेला, विणकर खड्ड्याच्या काठावर बसणार, पाय खाली पावड्यांवर, हात वर धोट्यावर. खड्डामाग म्हणतात तो हाच. मातीच्या ओलाव्याने सूत मऊ राही व कमी तुटे. म्हणून खोली थोडी अंधारी आणि दमट असली तरी कोणी तक्रार करीत नसे. त्या खोलीतून शहापुरी लुगडी निघाली, त्यांवर मुलांची शिक्षणे झाली, मुलींची लग्ने झाली.

पुढे यंत्रमाग आले. वडगाव, खासबाग, शहापूर येथे त्यांची खडखड दिवसरात्र सुरू झाली, आणि हातमाग एकेक करून थांबले. काहींनी त्याच खोलीत यंत्रमाग बसविला. काहींची मुले उद्यमबागेतील कारखान्यांत गेली. माग सोडून, दोरीने बांधून, भिंतीला टेकवून ठेवला गेला. खड्ड्यावर फळ्या किंवा फरशी पडली. खोली रिकामी झाली. आणि रिकामी खोली फार दिवस रिकामी राहत नाही.

खेड्यांतील आमच्या वाचकांनी हे वाचून शहरातल्या लोकांना हसू नये. बैल गेले आणि ट्रॅक्टर आला त्या दिवसापासून तुमच्या गोठ्याचे काय झाले आहे, ते आठवावे. निपाणीकडे ज्या खोलीत तंबाखूची बोदे रचली जात, त्या खोलीला आज वास तंबाखूचाच येतो, पण आत फुटके पाइप आणि पंख्यांची पाती असतात. धंदा उठला की त्याच्या जागी अडगळ येऊन बसते. सर्वत्र असेच आहे.

अडगळ आळसाने साचते असे गृहिणींना वाटते, आणि त्या मुलांना व नवऱ्याला बोल लावतात. आमचे मत निराळे आहे. अत्यंत टापटिपीच्या घरांतही आम्ही अशी खोली पाहिली आहे; स्वयंपाकघर आरशासारखे, आणि मागे हा अंधार. त्या खोलीतील प्रत्येक वस्तू म्हणजे पुढे ढकललेला एक निर्णय आहे. तो एकट्याने घेता येत नाही, म्हणून कोणीच घेत नाही. पाळणा आहे; तो थोरल्या सुनेच्या माहेरचा, धाकटीला अजून मूल व्हावयाचे आहे, कोणी विचारावे? शिलाई यंत्र आहे. ते लग्न होऊन गोव्यात गेलेल्या लेकीचे. कपाट आहे, त्याच्या किल्ल्या पुण्याच्या भावाकडे. मधल्या काकांनी वीस वर्षांपूर्वी 'चार दिवसांसाठी' ठेवलेल्या लोखंडी सळया आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला ही अडगळ दिसते. घरच्या माणसांना मात्र तिच्यात ठेव दिसते, आणि ठेवीला हात कोण लावणार?

म्हणून खोली साफ करावयास निघालेला उत्साही माणूस बहुधा पहिल्याच दिवशी भांडण करून बसतो. वस्तू उपयोगाची आहे की नाही, हा प्रश्न तो आधी विचारतो. आमचे सांगणे असे की आधी वस्तू कोणाची ते विचारावे. उपयोगाचे नंतर पाहता येते.

याचे उदाहरण आमच्या परिचयाच्या एका घरात घडले, ते सांगतो. नावाची जरुरी नाही. वडील ऐंशी ओलांडलेले, जन्मभर मागावर बसलेले. थोरला मुलगा कारखान्यात, धाकटा पुण्यात. मोटार घेतली, आणि गल्लीत ती उभी करण्यावरून शेजाऱ्यांशी रोजची कुरबुर सुरू झाली. मागाच्या खोलीला दोन दारे पाडून गॅरेज करावे असे ठरले. भंगारवाला येऊन लोखंडाचा भाव किलोवर आणि लाकडाचा उक्ता सांगून गेला. थोरल्या मुलाच्या मनात असे होते की वडिलांना डोळे तपासावयास दवाखान्यात न्यावयाचे आहे, त्याच दिवशी सारे उरकून टाकावे. समोर नसले म्हणजे त्यांना त्रास कमी. हेतू वाईट नव्हता. पण सुनेने साफ सांगितले, "मामंजींच्या पाठीमागे नको. काय काढायचं ते त्यांच्यासमोर काढा. नाहीतर जन्मभर मला ऐकून घ्यावं लागेल."

आम्ही त्या दिवशी गेलो होतो ते निराळ्याच कामासाठी. पण तेथेच बसून राहिलो. वृद्ध गृहस्थ ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते आणि एकेक वस्तू त्यांच्यापुढून जात होती. मुलाला भीती होती ती अशी की ते प्रत्येक काटकी धरून ठेवतील. झाले उलटेच. मागाची लाकडे बाहेर आली तेव्हा त्यांनी नखाने एक खांब टोकरला, भुगा खाली पडला, आणि ते म्हणाले, "वाळवीनं खाल्लंय. द्या जाऊ." गाद्या गेल्या, सळया गेल्या, फुटका रहाटही गेला. नातू एकेक भाग उचलून विचारी, "आज्जा, हे काय हो?" आणि ते सांगत: ही फणी, हिच्यातून ताण्याचे धागे ओवायचे, ही कांडी, हिच्यावर बाण्याचे सूत भरायचे, ही पावडी. मुलाने आपल्या शाळेच्या वहीत चित्रे काढून नावे लिहून घेतली.

मात्र कापड गुंडाळण्याची तूर पुढे आली तेव्हा ते थांबले. तिच्यावर शेवटच्या लुगड्यानंतरचे हातभर कापड तसेच राहिले होते, काळवंडलेले, उंदरांनी एका कडेला कुरतडलेले. मुलाने ते त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. पुष्कळ वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्यांनी सुनेकडून कात्री मागून घेतली, कापड स्वतः कापले, घडी केली आणि मांडीवर ठेवले. एक धोटा आणि ती फणी ठेवून घेतली. बाकी सारे टेंपोत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन विचारले की मोटार केव्हा आत लावणार.

दवाखान्याच्या दिवशी हे उरकले असते तर काम दोन तास आधी झाले असते, यात शंका नाही.

त्या घरी धाकट्या भावाचाही मोठा विनोद झाला. त्याच्या दोन ट्रंका आणि पुस्तकांची खोकी चौदा वर्षे घरच्यांनी देवासारखी सांभाळली होती. फोनवर त्याला चित्रासह एकेक वस्तू दाखविण्यात आली. पाव तासात त्याने तीन वस्तू मागून घेतल्या आणि 'बाकी अजून तिथे आहे होय?' असे विचारले! आमच्या वाचकांपैकी ज्यांचे भाऊबंद पुणे, मुंबई किंवा आखातात आहेत, त्यांनी हा उपाय करून पाहावा. 'अमुक तारखेपर्यंत सांग, नाहीतर आम्ही ठरवू' असे गोड शब्दांत कळवावे, आणि तारीख मात्र खरी पाळावी.

कामाची रीत सांगावयाची तर सारे सामान एकदम अंगणात किंवा परड्यात काढावे. कोपरा कोपरा करून आवरणाऱ्याचे सामान या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाते, बाहेर जात नाही. उन्हाळ्याचे दोन कोरडे दिवस धरावेत. मिरगाच्या तोंडावर हे काम काढू नये. बाहेर आलेल्या वस्तूंचे ढीग माणसांच्या नावाने करावेत: हे आईचे, हे थोरल्याचे, हे लेकीचे, हे कोणाचेच नाही. हा शेवटचा ढीगच सर्वांत मोठा निघतो, असा आमचा अनुभव आहे, आणि त्याच्यावरून भांडणही होत नाही.

कागदांची ट्रंक सापडली की हात थांबवावा. तिच्यावर त्या दिवशी निर्णय करूच नये. शहापुरातील जुन्या घरच्या ट्रंकेत या भागाचा सारा इतिहास असतो. तळाशी मोडीतील कागद, सांगली संस्थानच्या शिक्क्याचे. त्यावर मुंबई राज्याच्या काळातील बाळबोध मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, त्यानंतरचे कानडी कागद. आणि १९७३ नंतर त्याच राज्याचे नाव कर्नाटक झालेले. एका घराची मालकी सिद्ध करावयास कधी कधी या चारही थरांतील कागद लागतात. वाचता येत नाही म्हणून मोडी कागद रद्दीत घालणारा मनुष्य पुढे वकिलाच्या दारात बसतो. मोडी जाणणारे आता थोडे उरले आहेत; पण आहेत. बाप्तिस्म्याचा दाखला हरवला तर घाबरू नये. तो चर्चच्या नोंदवहीवरून पुन्हा मिळतो. नोंदणी न झालेल्या वाटणीपत्राचे तसे नाही. वीजबिले, दुकानांच्या पावत्या, विद्यार्थ्यांच्या जुन्या वह्या यांचे मात्र सोयरसुतक धरू नये.

जाता जाता आणखी एक. डब्यांच्या तळाशी, जुन्या उशीच्या अभ्र्यात, एखाद्या आजीबाईंनी जपलेल्या पाचशे-हजारांच्या जुन्या नोटा अजूनही निघतात. २०१६ च्या नोव्हेंबरात त्या रद्द झाल्या. २०१७ च्या कायद्याने अशा दहांहून अधिक नोटा बाळगणे हा गुन्हा ठरला आहे. अभ्यास किंवा संग्रह करणाऱ्यांस पंचवीसपर्यंत मुभा आहे. तेव्हा कोणी 'अर्ध्या किमतीत बदलून देतो' म्हणून आला तर त्याला दारातूनच वाटेला लावावे. आजीबाईंवर मात्र रागावू नये.

आता ज्या वस्तू घराला अपाय करतात त्यांविषयी. त्यांच्या बाबतीत मालकाला विचारण्याचीही फारशी गरज नाही. पहिली म्हणजे जुने टायर. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि टायरच्या पोकळीतील पाण्यासारखी जागा त्याला दुसरी नाही. पाणी ओतून टाकले म्हणजे झाले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. अंडी पाण्याच्या काठाला, रबराला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी मिळाले की फुटतात. घासून धुवावा, नाहीतर टायर घरातच ठेवू नये. दुसरी वस्तू जुनी बॅटरी. तिच्यात शिसे व तेजाब असते. नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि किमतीत सूटही देतो. असे असता ती कोपऱ्यात पाझरत का ठेवावी? तिसरी वस्तू शेतीच्या औषधांच्या बाटल्या. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. पण त्याचे अर्धे डबे फळीवर अद्याप असतील, आणि लेबल तर केव्हाच उडून गेलेले. बिनलेबलाचे औषध पाणी पिण्याच्या बाटलीत ओतून ठेवण्याची जी रीत काही घरांत आहे, ती मुलाबाळांच्या घरात अक्षम्य आहे. हे औषध ओढ्यात किंवा गटारात ओतू नये, आणि रिकाम्या डब्यात धान्य तर कधीच भरू नये. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात दाखवून, ते सांगतील तसे करावे.

सर्वांत दडलेला धोका मागाच्या खोलीचाच खास आहे, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. फळ्यांखाली तो खड्डा अजून आहे! पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस ही दोन्ही हवेहून जड. गळती झाली की ती वर न जाता खाली उतरतात आणि खड्ड्यात साचून राहतात. नाकाच्या उंचीवर वास येईलच असे नाही. त्या खड्ड्यावर स्कूटर उभी, शेजारी जास्तीचा सिलिंडर, भिंतीवर जुन्या वायरीचे बटण, आणि कोपऱ्यात पेट्रोलची प्लास्टिकची बाटली, असा सारा संच आम्ही एकाच खोलीत पाहिला आहे. सिलिंडर तेथून आजच हलवावा. पेट्रोल तर घरात साठवूच नये.

देण्यासारख्या वस्तूंचे आपल्याकडे पूर्वीपासून मार्ग आहेत. जुनी लुगडी बोहारणीला देऊन भांडे घेण्याची रीत अजून पार गेलेली नाही. आणि ज्या घरी सुई धरणारे हात आहेत तेथे त्यांची वाकळ होते. चार जुन्या सुती लुगड्यांची वाकळ बेळगावच्या पावसाळी थंडीत जी ऊब देते ती दुकानातल्या ब्लँकेटात आम्हांला अजून सापडलेली नाही. तांब्यापितळेची भांडी मोडीत घालताना घाई करू नये. घंगाळ, हंडे यांना कल्हई करून एखादे तरी वापरात ठेवावे आणि बाकीची सासुरवाशिणींना वाटून द्यावीत. गोरगरिबांना द्यावयाचे असेल तर चालू स्थितीतले द्यावे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सभेच्या लोकांकडे काही जण मोडका पंखा आणि एक पायाचा जोडा आणून देतात व समाधानाने घरी जातात. हे दान नव्हे. स्वतःची अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणे झाले. पंखा आधी दुरुस्त करावा, मग द्यावा.

'पण फेकलेली वस्तू दुसऱ्याच दिवशी लागते,' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. लागते, हे खरे आहे. खिळे, दोर, पाना, एखादा लाकडी तुकडा, हे घरात असावेच. चार आण्यांच्या स्क्रूसाठी खडेबाजारापर्यंत कोणी पळावे? पण जी वस्तू आहे हे ठाऊक नाही, किंवा आहे पण सापडत नाही, ती घरात असून नसल्यासारखीच. तीन कुदळी असलेल्या घराने चौथी विकत आणलेली आम्ही पाहिली आहे. शुभवर्तमानातील तो श्रीमंत शेतकरी मोठी कोठारे बांधावयास निघाला होता. त्याला आत काय आहे हे निदान ठाऊक तरी होते!

परत आत ठेवताना जमिनीवर काहीच ठेवू नये. २०१९ च्या ऑगस्टात बेळगाव जिल्ह्यात महापूर आला, तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांचे नुकसान बहुतेक जमिनीलगतच्या सामानाचे झाले. लोखंडी मांडणी घ्यावी, तिचे पाय दोन विटांवर ठेवावेत, आणि भिंतीपासून चार बोटे अंतर सोडावे, म्हणजे वाळवीची माती चढताना डोळ्यांना दिसते. कुदळ, फावडे, शिडी भिंतीला खुंट्यांवर टांगावीत. कागदाच्या खोक्यांपेक्षा झाकणाचे पत्र्याचे डबे बरे, कारण पत्र्याला उंदीर भीत असतो. प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते ठळक अक्षरांत लिहावे, आणि ज्याचे असेल त्याचे नाव. नाताळच्या गोठ्याच्या मूर्ती आणि तारा यांचा डबा सर्वांत वर ठेवावा. वर्षातून एकदाच लागतो. छत्र्या आणि इरली दाराशी.

राहिला तो खड्डा. माग पुन्हा बसवावयाचा नसेल तर तो फळ्यांखाली तसाच ठेवण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात त्यात पाणी पाझरते, आणि मोटारीचे वजन जुन्या फळ्या किती दिवस पेलणार? आधी तळातील कचरा, सुताची बोंडे, कुजलेली लाकडे सारी काढावीत. मग वीतभर मुरूम घालावा, पाणी मारावे, दुरमुसाने ठोकून घ्यावा. पुन्हा वीतभर, पुन्हा पाणी. एकदम भरला तर वर्षाच्या आत खचतो आणि वरची फरशी तडकते. काठोकाठ भरून झाल्यावर एक पावसाळा तसाच जाऊ द्यावा. जितका बसेल तितका बसू द्यावा, कमी पडेल तितका मुरूम दसऱ्याच्या सुमारास वर टाकावा, आणि मगच गवंड्याला बोलावून काँक्रीट घालून घ्यावे.